लांडग्याचं मुंडकं

पहिला सणसणीत मार बसला तो पाण्याच्या बाटलीचा. प्लॅस्टिकची, काठोकाठ भरलेली, गळ्यात पट्ट्याने अडकवायची असते तसली. एका गुबगुबीत पोराने ती पट्ट्याला धरून गरागरा फिरवली आणि माझ्या नडगीवर हाणली. मी लांडगा होते. लांडग्याच्या पायाला बाहेरून करडी लोकर, आत बोटभर स्पंज आणि त्याच्या आत माझी नडगी. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंडात आलेली शिवी अस्सल कोल्हापूरची होती. ती बाहेर पडली असती तर लखनौच्या बालगोपाळांच्या कार्यक्रमाची तिथेच वाट लागली असती. पण लांडगा बोलत नाही, असा नियम होता. मी दात आवळले, कोलमडून पडले, आणि सगळी पोरं किंचाळत माझ्यावर चढली.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. ह्यांची बँकेतून बदली झाली आणि आम्ही कोल्हापूर सोडून थेट लखनौत, इंदिरा नगरमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर येऊन पडलो. खाली घरमालकीण राहायची, तिला सगळी गल्ली भाभीजी म्हणायची. आमची मुलगी चार वर्षांची होती, कोपऱ्यावरच्या नर्सरीत जायची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं हिंदीत. "जेवलीस का गं?" म्हटलं की "हाँ, खा लिया." मी कपाळावर हात मारायची.

दर रविवारी सकाळी टीव्हीवर एक मालिका लागायची. गोष्टीतले प्राणी, पण माणसाएवढे, पोशाख घातलेले. ससा, अस्वल, कासव, कावळा, आणि त्यांच्या जंगलातल्या शाळेत डबा चोरायला येणारा लांडगा. चित्रण चिनहटला, फैजाबाद रोडच्या आतल्या बाजूला एका जुन्या गोदामात चालायचं. समोर गालिच्यावर बसवायला खरी लहान मुलं लागायची, म्हणून एकदा मीही लेकीला घेऊन रांगेत उभी राहिले. एका मिशाळ बापाने आपलं पोरगं पुढे घुसवायला माझ्या लेकीला कोपराने ढकललं. ती भिंतीवर आपटली. झालं, माझं डोकं सटकलं. मी कॉलेजात असताना कबड्डी खेळलेली बाई. त्याचं मनगट धरून असं पिरगाळलं की गडी बुडावर बसला, सगळ्या रांगेदेखत.

डायरेक्टर दारातून बघत होता. त्याचा लांडगा आदल्याच दिवशी काम सोडून पळाला होता. मुलगी आत गालिच्यावर जाऊन बसली तसं त्याने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मैडम, आप गिर भी सकती हैं?"

"गिराता भी है, गिरता भी है," मी म्हटलं.

तो पोट धरून हसला. माझ्या हिंदीला लखनौत सगळेच हसायचे. पण इथे हिंदीची गरजच नव्हती. पोशाखातली माणसं मुकी असायची. पडद्यामागे माईकसमोर दुसरे लोक बसून त्यांचे आवाज द्यायचे. लांडग्याचा आवाज होता नाटकात मुरलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा. गालात पान, अंगात चुरगळलेला कुर्ता आणि जिभेवर लोण्यासारखी उर्दू. त्यांचा लांडगा सशाला खायच्या आधी परवानगी मागायचा. "हुज़ूर, इजाज़त हो तो आपको नोश फ़रमाऊँ?" असल्या अदबशीर लांडग्याच्या आत मी, तोंडाची फाटकी, घामाने निथळत उभी.

डायरेक्टरने दोनच गोष्टी बजावल्या. आतून आवाज काढायचा नाही, आणि मुलांसमोर मुंडकं उतरवायचं नाही. "कुछ भी हो जाए." आत कोण आहे हे बाहेर कुणाला सांगायचंही नाही. लेकीला मी सांगितलं, आई शिवणाच्या क्लासला जाते. फक्त ह्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, कोल्हापुरात कळलं तर?"

"कळलं तर सांगा, बायको लांडगा आहे. तुम्हाला त्यात नवीन काय?"

आता माराचं सांगते. प्रत्येक भागाच्या शेवटी लांडगा डब्याला हात घालायचा, ससा ओरडायचा, "बच्चो, भेड़िया आया!" आणि गालिच्यावरची पोरं स्पंजाच्या काठ्या घेऊन लांडग्याला हाकलायची. सुरुवातीला नुसतं हाकलणंच होतं. मग निर्मात्यांच्या लक्षात आलं की पोरांना गोष्ट नको, गाणं नको, फक्त हे हवं. "पिटाई थोड़ी और," असं ते दर खेपेला म्हणायचे. पिटाई वाढत गेली. गोष्ट आखडत गेली. स्पंजाच्या काठ्या पहिल्या झटक्यातच गळून पडायच्या; मग बूट, बाटल्या, डबे, मुठी. एका मुलीने माझ्या पंज्यातून बोटाला असा चावा घेतला की हातमोजा काढला तेव्हा आत रक्ताचा डाग होता. तिच्या केसांना गुलाबी रिबिनी होत्या. पोरांना दोष देत नाही मी. त्यांना कुठे माहीत होतं आत काय आहे. पण कॅमेऱ्यामागे त्यांचे आईबाप उभे असायचे ना! "मार बेटा, और मार! नाक पे, नाक पे!" एक आजी तर खुर्चीवर उभी राहून ओरडायची. लांडग्याच्या उघड्या जबड्यात जाळी होती, तिच्यातून मला ते चेहरे दिसायचे. घाम डोळ्यांत उतरायचा, पुसता यायचा नाही, आणि मी त्या जाळीआड एकेकाची तिरडी बांधत असायची. सुटल्यावर एकेकाला गोदामाबाहेर गाठावं, असं फार वाटायचं.

एक मात्र माझं स्वतःचं होतं. माझे वडील तालमीतले. घरात काहीही अवघड करायचं असलं की ते आधी शड्डू ठोकायचे, मांडीवर खणखणीत थाप. ती सवय मला जशीच्या तशी लागली. गॅसचा सिलिंडर उचलायच्या आधी शड्डू, लेकीला आंघोळीला ओढायच्या आधी शड्डू. मला कळतसुद्धा नाही मी ठोकते ते. पहिल्याच चित्रणात पोरं अंगावर धावून आली आणि लांडग्याने आपोआप शड्डू ठोकला. पोरं वेडी झाली. डायरेक्टर म्हणाला, हे ठेवायचं. महिन्याभरात इंदिरा नगरच्या गल्ल्यांतून बारकी बारकी पोरं मांड्या बडवत फिरायला लागली. मला हसू यायचं, थोडा अभिमानही वाटायचा.

त्याच सुमाराला लेक नर्सरीतून खुणा घेऊन यायला लागली.

आधी गुडघा खरचटलेला. मग दंडावर दातांचे वळ. मग एक दिवस फ्रॉकचा खिसा फाटून लोंबणारा आणि खालचा ओठ फुटून सुजलेला. "कुणी मारलं?" गप्प. "सांग, मी बघते त्याच्याकडे." गप्प. रडणं नाही, तक्रार नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच चप्पल पायात सरकवून नर्सरी गाठली.

नर्सरीच्या मॅडम गोड बोलणाऱ्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या. मी म्हटलं, "मेरा बेटी को कौन मारता है?"

"मेरी बेटी को," त्यांनी हसून दुरुस्ती केली. मग म्हणाल्या, "बच्चे हैं, खेलते हैं. आपकी बच्ची तो रोती भी नहीं. बहुत अच्छी बच्ची है."

न रडणारी म्हणून चांगली! मला त्या टेबलावरची पितळी घंटा उचलून भिंतीवर मारावीशी वाटली. मी घरी आले आणि ठरवलं, पोरीला मारायला शिकवायचं. कोण मारतं हे कळलं नाही तरी चालेल, पण समोरच्याचं थोबाड हिने फोडलं पाहिजे. पलंगावर उशी उभी केली. "मार!" तिने उशीला चापट मारली, वरून हात फिरवला. "अगं, तुझ्या आजोबांनी एकेक पैलवान लोळवलाय, आणि तू उशीला कुरवाळतेस? मार की!" ती हसायला लागली. मी चिडले, मग मीही हसले, आणि तिच्या ओठाकडे लक्ष गेलं तसं हसू गेलं.

मग मला वाटलं, हिला गोदामात नेऊ. सगळी पोरं लांडग्याला बडवतायत हे बघून हिचा हात सुटेल. मार खायला मी आहेच. दुसऱ्याच्या पोराकडून खातेच, माझ्या पोरीकडून खाल्ला तर बिघडलं काय? भाभीजींना सांगितलं, हिला चित्रणाला घेऊन जा. मी त्याच्या आधीच "क्लासला" निघाले.

ती गालिच्यावर पुढेच बसली होती, हातात पिवळी काठी. ससा ओरडला, पोरं उठली, मार सुरू झाला. ती उभी राहिली, पण जागची हलेना. मी मार खात खात सरपटत तिच्यापर्यंत गेले. पंजे उगारले. नाकाड तिच्या पोटात खुपसलं. आतल्या आत म्हणत होते, मार गं माझे बाई, एक तरी मार. तिने जबड्यातल्या जाळीत रोखून बघितलं आणि काठी पाठीमागे लपवली. मुलांना सांभाळणाऱ्या बाईने तिचा हात धरून काठी माझ्या पाठीवर आपटली. तिने हात हिसडून घेतला आणि काठी खाली टाकली.

रात्री जेवताना मी तिच्यावर तोंडसुख घेतलं. "घाबरट कुठली! एवढीएवढी पोरं मारतात आणि तू नुसती उभी! म्हणूनच शाळेत मार खातेस."

"मुझे नहीं मारना," ती म्हणाली.

"का नाही मारायचं?"

"नहीं मारना."

माझा हात उठला होता. ह्यांनी मनगट धरलं. "अगं, मारत नाही म्हणून मारतेस?" मी ताट बाजूला सारून उठले. ओठाची खपली सांभाळत ती दहीभात खात राहिली.

त्यानंतर एके दिवशी चिनहटला पोचले तर लाइट गेलेली आणि जनरेटर बंद पडलेला. चित्रण रद्द. टेम्पोने परत फिरले, कोपऱ्यावर उतरले. नर्सरीची मधली सुट्टी चालू होती. लेकीला कुंपणातून बघू म्हणून थांबले.

अंगणात घसरगुंडीच्या मागे पोरांचं रिंगण होतं. मधे माझी मुलगी. पोरं ओरडत होती, "भेड़िये की बच्ची! भेड़िये की बच्ची!" पुढे तोच गुबगुबीत पोरगा, तीच बाटली. नर्सरीची आया लांब सावलीत बसून सोलून सोलून मटार खात होती. मला वाटलं आता ही पळेल, नाहीतर रडेल. तिने पाय फाकवले, जराशी वाकली आणि मांडीवर थाप मारली. शड्डू. तोच माझा, माझ्या वडिलांचा. थाप बारकी होती, पण बरोबर ठोकली होती. मग तिने हात पसरले आणि पोरं तिच्यावर तुटून पडली. बाटली पाठीत बसली, ती कोलमडली. अगदी लांडगा पडतो तशी, आधी गुडघ्यावर, मग कुशीवर. बूट पडत होते. ती तोंडातून चकार शब्द काढत नव्हती.

फाटक उघडायला मी थांबले नाही. साडी खोचली आणि कुंपणावरून उडी मारली. पोरांना बकोट धरधरून बाजूला फेकलं. त्या बाटलीवाल्याची कॉलर माझ्या डाव्या मुठीत होती आणि उजवा हात वर. आज याला फोडते, मग जेलमध्ये घाला. पोरगं माझ्याकडे बघत होतं, भीतीचा मागमूस नाही. "आंटी, उसको लगता थोड़ी है," तो समजावत म्हणाला. "वो तो भेड़िया है."

"अगं, ओरडत का नाहीस?" मी लेकीवर खेकसले. "तोंड शिवलंय का तुझं?"

ती मातीत पडूनच होती. ओठाची खपली निघून हनुवटीवर रक्त आलं होतं. तिने बोट ओठांवर ठेवलं आणि घाईने, कुजबुजत मला म्हणाली, "आई, शूऽऽ. भेड़िया बोलता नहीं."

माझी मूठ सुटली. बाटलीवाला पळाला.

तिला कडेवर घेऊन घरी आणलं, ओठाला बर्फ लावला. हळूहळू एकेक निघालं. तिने मला कधीच ओळखलं होतं, टीव्हीवर पहिल्यांदा लांडगा दिसला त्याच रविवारी. कशावरून? तिने मांडीवर थाप मारून दाखवली, एवढंही कळत नाही का, अशा चेहऱ्याने. मग तिने नर्सरीत सगळ्यांना सांगितलं, लांडगा माझी आई आहे. पोरं म्हणाली, मग तू पण लांडगा. तेव्हापासून रोज मधल्या सुट्टीत लांडग्याची पिटाई.

"अगं, मग नाही म्हणायचं! खोटं सांगितलं म्हणायचं!"

"पर तुम तो हो," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेले आणि हातात आला तो डबा फरशीवर आपटला. पोहे सगळीकडे उडाले. कुणाचा राग होता तो मला सांगता येणार नाही. पोरांचा, त्यांच्या "और मार" म्हणणाऱ्या आईबापांचा, त्या गोड मॅडमचा, सगळ्यांचाच. माझी पोर मार खाऊन गप्प बसत होती, आणि ते तिला कुणी शिकवलं, तर टीव्हीवरच्या लांडग्याने.

पुढच्या चित्रणाला मी तिला स्वतः हात धरून घेऊन गेले. म्हटलं, पुढे बस आणि बघ. इंदिरा नगरची बरीच पोरं आली होती, बाटलीवालाही होता. मी मुंडकं चढवलं. पडद्यामागे म्हातारबुवांनी घसा साफ केला, लांडग्याने सशाकडे डबा खाण्याची इजाज़त मागितली, ससा ओरडला. मी शड्डू ठोकला. पोरं आली. बूट, डबे, मुठी. मग बाटली फिरली आणि नेमकी त्याच नडगीवर, जुन्या निळ्या टेंगळावर बसली.

मी उठून उभी राहिले आणि मुंडकं उपटून काढलं.

"आई गंऽऽ! लागतंय! हाड मोडतोस का माझं, मुडद्या?"

पडद्यामागे म्हातारबुवांना काही दिसत नव्हतं. ते आपले अदबीने निरोप घेतच होते, "हुज़ूर, बंदा अब रुख़सत चाहता है." मग तेही थांबले. पोरांचे हात हवेतच राहिले. लांडग्याच्या धडावर एका बाईचं डोकं, केस कपाळाला चिकटलेले, कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलेलं. बाटलीवाला तोंड उघडं टाकून बघत होता.

"आंटी," तो म्हणाला, "आपको लगता है?"

मी लांडग्याचा पाय गुडघ्यापर्यंत ओढला आणि नडगी त्याच्यासमोर धरली. काळीनिळी, वर ताजं रक्त. "लगता है. बहुत लगता है. उसको भी लगता है," मी लेकीकडे बोट केलं. "रोज लगता है."

त्याने खाली वाकून नडगीला बोट लावलं आणि भोकाड पसरलं. त्याच्यामागे रिबिनीवाली, मग सगळा गालिचा. त्या गोंगाटात मी लेकीकडे बघितलं. ती माझ्या पायाकडे बघत होती. तिचा ओठ थरथरला, तिने श्वास आत ओढला आणि अशी किंकाळी फोडली की आवाज मुद्रित करणारा माणूस कानावरचं यंत्र काढून उठला. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर येत होतं. मी लांडग्याच्या पंज्यांनी तिला उचललं. "रड," म्हटलं. "अजून जोरात रड, माझे बाई."

मग आईबाप आले. "बच्चों को डरा दिया! शर्म नहीं आती?" रांगेतला तो मिशाळ बाप पुढे होता. त्याने माझ्या खांद्याला धक्का मारला, कुणीतरी पाठीमागून लोकर ओढून फाडली, एक सँडल येऊन कानाजवळ लागली. ही मोठी माणसं आहेत, यांना नक्की माहीत आहे आत काय आहे, हे त्या वेळी माझ्या डोक्यात स्पष्ट होतं. लेक कडेवर होती म्हणून, नाहीतर दोघातिघांना तरी मी आडवं केलं असतं. मुंडकं डायरेक्टरच्या छातीवर फेकलं आणि लांडग्याच्याच पायांनी बाहेर पडले. 

मालिकेला नवीन लांडगा मिळाला. रविवारी भाभीजींच्या टीव्हीवर तो मार खायचा, आम्ही वर पोहे खायचो.

पंधरवड्याने नर्सरीतून बोलावणं आलं. मॅडम आज गोड नव्हत्या. म्हणाल्या, आपकी बच्ची को क्या हो गया है? कुणी नुसता हात लावला तरी एवढ्या मोठ्याने ओरडते की पूर्ण नर्सरी गोळा होते, शेजारचे लोक गच्चीवर येतात. आणि काहीतरी शब्द वापरते, मुडद्या की काय, इसका मतलब क्या है? बच्चे उसके पास जाते नहीं. आप समझाइए उसको.

लेक दारात उभी होती. गुडघे शाबूत, फ्रॉक शाबूत, ओठावर खपली पडून गेल्याची बारीक गुलाबी खूण.

"चिल्लाएगा," मी म्हटलं. "मेरा बेटी है, चिल्लाएगा."

मॅडमनी माझी हिंदी दुरुस्त केली नाही.